आधी धार, मग खरेदी

या वेळच्या पत्रांत अवजारांविषयीचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत, म्हणून खतं आणि किडीची पत्रं पुढच्या अंकासाठी राखून ठेवली आहेत. रोप का खंगतंय हे विचारायला कुणी आलं की मी आधी त्यांची कात्री बघायला मागते. पुष्कळदा उत्तर तिथेच सापडतं.

ताई, बाल्कनीत बारा-पंधरा कुंड्यांची बाग सुरू करते आहे. एका डब्यात दहा अवजारांचा संच मिळतोय. तो घेऊ की सुटी अवजारं घेऊ? मुळात लागतं तरी काय काय? आणि स्टेनलेसची घेऊ की साध्या पोलादाची?
*– नुकतीच सुरुवात केलेली वाचक*

संच घेऊ नका. त्या दहांतली तीन-चार अवजारं तुम्ही रोज वापराल, आणि संचात नेमकी तीच कच्ची निघतात. पातळ पत्रा दाबून केलेली हातकरणी, जिला बरेच जण ट्रॉवेल म्हणतात, ती कुंडीतली आवळलेली माती उकरताना मानेशी वाकते. मान म्हणजे पातं आणि मूठ जुळतात ती जागा. दुकानात अवजार हातात आलं की रंग आणि रबराची मूठ बघण्याआधी ही मान बघा. पातं आणि मान एकाच धातूची, अखंड असतील तर उत्तम. मूठ लाकडी असेल तर तिच्या तोंडाशी धातूचं कडं घट्ट बसलेलं हवं आणि पात्याचं शेपूट मुठीत खोल गेलेलं हवं. मूठ धरून पात्याचं टोक जमिनीवर टेकवा आणि अंगाचा थोडा भार द्या. मान लवली, तर ते अवजार तिथेच परत ठेवा.

तुमच्या बागेला एक खुरपं, एक अरुंद हातकरणी, छाटणीची एक चांगली कात्री, बारीक छिद्रांची झारी आणि माती कालवायला एक घमेलं, एवढं पुरे. बाकीचं गरज पडेल तसं घ्या. पैसे कुठे जास्त घालायचे असतील तर ते कात्रीवर घाला, आणि त्यातून उरले तर खुरप्यावर.

खुरप्याविषयी थोडं जास्त लिहिते, कारण कुंडीवाले लोक ते शेतातलं म्हणून घेतच नाहीत. करणी ढकलायची असते, खुरपं ओढायचं असतं. त्याचं पातं मुठीशी कोन करून असतं, त्यामुळे खाली बसून काम करताना मनगट फारसं मुरगळत नाही आणि जोर दंडाकडून येतो. टोकाने तण मुळासकट उचलता येतं, कडेने मातीवरची शेवाळी पापुद्र्यासारखी खरवडता येते, आणि पातं आडवं धरून रोपाभोवतीची माती हलकी दाबता येते. माझ्या खुरप्याचं पातं वर्षानुवर्षांच्या घासण्याने एका बाजूला झिजलंय, आणि आता तीच निमुळती बाजू मी लहान कुंड्यांना वापरते.

एक मात्र सांभाळा. कुंडीतली माती वरच्या दोन-तीन सेंटीमीटरपर्यंतच हलवा. त्याखाली बारीक मुळांची जाळी असते. माती मोकळी करण्याच्या उत्साहात खोलवर खुपसलं की तीच तुटतात, आणि मग पाणी घालूनही झाड दुपारी मान टाकतं.

स्टेनलेस की साधं पोलाद, असंही तुम्ही विचारलं आहे. स्टेनलेसला माती कमी चिकटते आणि ते सहसा गंजत नाही, म्हणून करणी त्याची घ्या. साध्या कार्बन पोलादाला घरच्या घरी चांगली धार लावता येते, म्हणून खुरपं त्याचं घ्या आणि वापरून झालं की पुसून ठेवा.

गुलाबाची छाटणी केली की कापलेली जागा चेंगरल्यासारखी होते, साल सुटते आणि फांदी वरून काळी पडत खाली येते. कात्री अगदी नवी आहे. चुकतंय कुठे?
*– गच्चीवर गुलाब लावणारे वाचक*

कात्री नवी असली तरी ती या कामाची आहे का, हे आधी पाहू. ती उघडा आणि पात्यांकडे समोरून बघा. एक धारदार पातं येऊन समोरच्या सपाट पट्टीवर टेकत असेल, तर ती ऐरणीची कात्री. वाळक्या, कडक काटक्यांना ती चांगली. ओली फांदी मात्र तिच्यात पातं आणि पट्टी यांच्यामध्ये सापडून दबते. तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचून मला तुमच्याकडे हीच कात्री असावी असं वाटतं. जिवंत फांदीसाठी दोन्ही बाजू एकमेकींना घासून पुढे जाणारी कात्री हवी, साध्या कापडी कात्रीच्या चालीची. दुकानात तिला बायपास म्हणतात. या कात्र्या एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये निघाल्या. त्याआधी तिथे वेलींची छाटणी वाकड्या चाकूने होत असे, आणि चाकू फांदीला दाबत नाही. बायपास कात्रीही नीट धरली नाही तर दाबतेच, म्हणून ती धरायची कशी तेही सांगते.

या कात्रीला एक रुंद धारदार पातं असतं आणि समोर एक जाड, आकडीसारखा जबडा असतो. कापताना जबडा फांदीला टेकून तिला अडवतो, त्यामुळे त्याच्या बाजूची साल थोडी दबते. म्हणून जो भाग झाडावर राहणार त्या बाजूला पातं, आणि जो तोडून टाकायचा त्या बाजूला जबडा, असं धरायचं. दबलेला भाग तोडलेल्या तुकड्याबरोबर जातो. यासाठी कधी कात्री उलटी करून धरावी लागते. पहिले काही दिवस अवघड वाटतं, मग हात आपोआप वळतो.

काप डोळ्याच्या, म्हणजे फांदीवरच्या अंकुराच्या, वर साधारण अर्धा सेंटीमीटर अंतरावर घ्या, डोळ्याच्या उलट बाजूला उतार देऊन. त्याहून वर कापलं तर उरलेला थुटका वाळतो आणि काळेपणा तिथूनच खाली उतरू लागतो. फांदी कात्रीच्या टोकात धरू नका, खिळ्याजवळ, म्हणजे दोन्ही बाजू जुळतात तिथे, आत सरकवा, म्हणजे कमी जोरात तुटेल. आणि मनगट पिळून तोडू नका. पिळलं की दोन्ही पाती एकमेकांपासून सरकतात, मध्ये फट पडते आणि साल त्या फटीत ओढली जाते.

तुमची कात्री बायपासच असेल, तर तिची परीक्षा घ्या. वर्तमानपत्राचा एकेरी कागद खिळ्यापासून टोकापर्यंत कापून बघा. कागद मध्येच दुमडला तर तेवढ्या जागी धार गेली आहे किंवा फट आहे. कात्री मिटून उजेडासमोर धरली की फट दिसते. ती मधला नट थोडा आवळून जाते. आवळल्यावर कात्री सहज उघडमीट झाली पाहिजे.

आता धार. पात्याची एकच बाजू उतरती असते, धार तिलाच लावायची. त्या उतारावर मार्करने रंग फासा. बारीक कानस किंवा धारेचा दगड उतारावर टेकवून खिळ्याकडून टोकाकडे, एकाच दिशेने ओढा. दोन-चार ओढींनंतर बघा. रंग फक्त वरच्या काठावरचा गेला असेल तर दगड जास्त आडवा पडतोय, फक्त धारेकडचा गेला असेल तर जास्त उभा. सगळीकडून सारखा जाऊ लागला की कोन जमला. मागच्या सपाट बाजूला बोटाच्या पेराने हलकेच चाचपलं तर एक खरखरीत काठ लागेल, ती धातूची कोर. दगड त्या बाजूवर अगदी सपाट ठेवून एकदाच फिरवा, कोर निघून जाईल. सपाट बाजूला उतार पाडायचा नाही, नाहीतर कायमची फट राहील. आकडीच्या जबड्याला धार लावायचीच नाही. शेवटी खिळ्यात तेलाचा एक थेंब.

काळ्या पडलेल्या फांद्यांचं काय करायचं, ते राहिलं. काळ्या भागाच्या खाली कापा आणि कापाच्या मध्यभागी बघा. तिथे तपकिरी ठिपका दिसला तर पुढच्या डोळ्यापर्यंत खाली या. गाभा स्वच्छ, फिकट दिसेपर्यंत खाली उतरत जा.

माळ्यावर आजोबांचं खुरपं आणि छोटी कुदळ सापडली. दोन्ही पूर्ण गंजलेली आहेत, कुदळीचा दांडा खुळखुळतो. ठेवण्यासारखी आहेत का?
*– एक वाचक*

ठेवाच. जुन्या ठोकून घडवलेल्या लोखंडात जो दम असतो, तो पत्र्याच्या अवजारात येत नाही. एखाद्या टोकदार वस्तूने खरवडून बघा. गंजाखाली एकसंध धातू लागला तर ते नक्की सुधारेल. पातं चाळणीसारखं भोकं पडून गेलं असेल तेवढंच सोडून द्यायचं.

तारेच्या ब्रशने सुटा गंज झाडा. मग फक्त लोखंड बुडेल एवढ्या साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा. मूठ किंवा दांडा निघत असेल तर काढून ठेवा, लाकूड व्हिनेगरमध्ये जाऊ देऊ नका. सकाळी ब्रशने घासलं की काळपट गाळ सुटून येतो. त्यानंतर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा, कारण आम्ल राहिलं तर लोखंड पुन्हा झपाट्याने गंजतं. धुतल्याबरोबर कोरडं करा, उन्हात धरा आणि लगेच तेलाचा हात फिरवा. यात वेळ घालवला तर तुमच्या डोळ्यांदेखत नारिंगी झाक चढेल. तेल कुठलंही साधं चालेल, पण गाडीचं जळकं तेल नको. ते शेवटी तुमच्याच मातीत जाणार.

सैल दांडा पाण्यात भिजवून घट्ट करायची जुनी सवय आहे. लाकूड फुगतं आणि काम होतं, पण वाळलं की ते पुन्हा आक्रसतं, आणि दर खेपेला थोडं जास्तच. कुदळीचं डोकं सैल असताना ती उगारू नका, डोकं निसटून कुणाच्याही पायावर जाईल. दांड्याच्या डोक्याकडच्या टोकाला चीर असेल तर तिच्यात कडक लाकडाची पाचर ठोका. दांडाच चिरलेला असेल तर नवा बसवून घ्या.

लाकडाला घासकागद रेषांच्या दिशेने मारा आणि जवसाचं तेल पातळ चोळा. हे तेल हवेत वाळून लाकडात घट्ट होतं. त्याची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते तेल तापतं, आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून, मोकळ्या हवेत पूर्ण वाळू द्या, मग टाका.

टोमॅटोच्या एका रोपाची पानं खराब झाली, मी ती कापली. मग ओळीतली बाकीची रोपंही तशीच झाली. हे कात्रीमुळे झालं का?
*– एक वाचक*

पानं नेमकी कशी झाली ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावरच आहे. पानं लहान होऊन वर वळली, शेंडा आक्रसला, तर तो पर्णगुच्छ. तो पांढरी माशी पसरवते, कात्रीचा त्यात दोष नाही. पानांवर फिकट आणि गडद हिरव्या रंगाचे चट्टे एकाआड एक आले असतील, तर तो मोझॅक असण्याची शक्यता आहे. तो विषाणू रोगट रोपाच्या रसातून पसरतो, आणि तो रस कात्रीवरून, हातांवरून, कपड्यांवरूनही पुढच्या रोपाला लागतो. तंबाखूमध्येही हा विषाणू असू शकतो, म्हणून तंबाखू हाताळणाऱ्यांनी रोपांना हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत.

जिवाणू आणि बुरशीसाठी सत्तर टक्क्यांचं स्पिरिट पुरतं. पण आधी पात्यावरचा चीक आणि माती पुसा, घाणीवर स्पिरिट ओतून उपयोग नाही. आणि जवळपास ज्योत नको. मोझॅकच्या विषाणूवर स्पिरिट भरवशाचं नाही. त्याला स्निग्धांश काढलेल्या दुधाच्या पावडरचं द्रावण कामाला येतं, एक लिटर पाण्याला 200 ग्रॅम. कात्री आणि हात दोन्ही त्यात बुडवून पुढच्या रोपाकडे जा. ब्लीचचं एकास नऊ पाण्याचं द्रावणही चालतं, पण ते पोलाद खातं, म्हणून नंतर धुवून तेल लावावं लागतं. वरच्या उत्तरातलं व्हिनेगर आणि हे ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

मोझॅक झालेलं रोप पानं खुडून वाचत नाही. ते मुळासकट काढा. आणि यापुढे रोज निरोगी रोपांचं काम आधी, संशयित रोपाचं सर्वांत शेवटी. एवढ्या क्रमानेही पुष्कळ फरक पडतो.

माझं वय 72. बागेत अर्धा तास कात्री चालवली की अंगठ्याचा सांधा ठणकतो. बाग सोडायची नाही. काय करू?
*– एक ज्येष्ठ वाचक*

काका, सोडूच नका. आधी कात्रीला वर लिहिल्याप्रमाणे धार लावून बघा, बोथट कात्रीला बरंच जास्त दाबावं लागतं. मग ती पूर्ण उघडून तळहातात धरा. बोटं दुसऱ्या मुठीपर्यंत आरामात पोचत नसतील तर ती तुमच्या हाताला मोठी आहे. स्प्रिंग फार कडक असेल तर प्रत्येक उघडमिटीत तुम्ही फांदीबरोबर स्प्रिंगशीही झगडताय. नवी घेणार असाल तर रॅचेटची कात्री हातात घेऊन बघा. ती एका दमात न कापता टप्प्याटप्प्याने कापते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. वेळ थोडा जास्त लागतो, अंगठ्यावरचा ताण बराच कमी होतो. डावखुरे असाल तर डाव्या हाताची वेगळी कात्री मिळते, उजवीवर दिवस काढू नका.

खुरप्याची मूठ बारीक असेल तर तिच्यावर सायकलच्या हँडलची पट्टी गुंडाळून ती जाड करा. जाड मूठ कमी आवळावी लागते. शक्य तितक्या कुंड्या कमरेच्या उंचीवर आणा. झारी दहा लिटरची असेल तर नुसतं पाणीच दहा किलोचं. पाच-पाच लिटरच्या दोन घ्या आणि दोन्ही हातांत धरून चाला. सांध्याला सूज असेल किंवा रात्रीही ठणका राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा, ते कात्री बदलून जाणार नाही.

झारीने पाणी घातलं की बी वर येतं, कोवळी रोपं आडवी पडतात. हळू घालूनही तेच.
*– एक वाचक*

झारीचं तोंड, म्हणजे छिद्रांची टोपी, वरच्या दिशेला वळवा. पाणी आधी वर उडतं आणि मग जोर गमावून खाली येतं. तोंड खाली असेल तर धार थेट मातीवर आदळते. दुसरं, झारी कुंडीवर धरून वाकवायला सुरुवात करू नका. पहिले थेंब मोठे आणि जड असतात. कुंडीच्या बाहेर वाकवा, फवारा सारखा झाला की कुंडीवरून फिरवत न्या आणि झारी सरळ करण्याआधी पुन्हा बाहेर काढा. छिद्रं बुजली असतील तर टोपी काढून उलट्या बाजूने पाणी सोडा. बारीक बियांच्या ट्रेला मात्र वरून पाणी नकोच. ट्रे पाण्याच्या ताटात ठेवा, वरची माती ओली दिसली की उचला.

मातीतला ओलावा दाखवणारं काट्याचं यंत्र घ्यावं का?
*– एक वाचक*

माझ्या मते नको. स्वस्त यंत्रं ओलावा थेट मोजत नाहीत, मातीतून वीज किती वाहते ते मोजतात, आणि ते खतातल्या क्षारांवरही अवलंबून असतं. नुकतंच खत घातलेली माती त्यांना ओली वाटते, भरड भुसभुशीत मिश्रणात काटा नीट टेकत नाही म्हणून ते कोरडं वाटतं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला. लहान कुंडी असेल तर पाणी घातल्यावर एकदा उचलून वजन हातात घ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा उचला.

हातमोजे घातले की कामाचा अंदाज येत नाही. नाही घातले तर चालतील?
*– एक वाचक*

रोपं लावताना पातळ, तळव्याला नायट्राइल या कृत्रिम रबराचा थर असलेले घाला, त्यातून माती हाताला कळते. गुलाब, बोगनवेल यांना कोपरापर्यंतचे चामडी. काट्याचा टोचा साधा समजू नका. माती आणि काट्यांवरची स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी अशाच टोच्यातून आत जाते, आणि आठवड्यांनंतर तिथे न दुखणारी गाठ येते. अशी गाठ दिसली तर डॉक्टरांना बाग करत असल्याचं आवर्जून सांगा. धनुर्वाताची लस दर 10 वर्षांनी घेतलेली असू द्या. आणि पोतं फोडून कोरडं खत किंवा कोकोपीट कालवताना आधी पाणी शिंपडा, धूळ नाकात जाऊ देऊ नका.

फवारणीचा पंप सारखा तुंबतो. तोंड साफ कसं करायचं?
*– एक वाचक*

आधी पंपातला दाब सोडा, मग झाकण उघडा. नोझल काढून कोमट पाण्यात भिजत ठेवा आणि मऊ ब्रशने घासा. तार किंवा सुई घालू नका, छिद्र मोठं होतं आणि फवाऱ्याची धार होते. तोंडाने फुंकायचं तर मुळीच नाही, मागच्या फवारणीचं औषध तिथेच साचलेलं असतं. पाणी ओतताना कापडातून गाळून घ्या, तुंबण्याचं निम्मं कारण तिथे जातं. तणनाशक वापरत असाल तर त्याचा पंप निराळा ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. धुतलेल्या पंपातही त्याचा अंश राहतो, आणि टोमॅटोसारख्या झाडाला तेवढा पुरतो.